सुभेदार रामजी सकपाळ : एका पेन्शनरचा संसार



वसंत व्याख्यानमालेत चरित्रपर व्याख्यान आहे असे जाहीर झाले, की श्रोते एखाद्या थोर पुरुषाच्या पराक्रमाची कथा ऐकण्याच्या तयारीने येतात. आज मी ज्या गृहस्थांविषयी बोलणार आहे, त्यांना शालेय पुस्तकांतून बहुधा एकच ओळ मिळते, आणि तीही मुलाच्या चरित्राच्या प्रारंभी. मुलाचा जन्म झाला, वडिलांचे नाव अमुक, वडील लष्करात सुभेदार होते. एवढे सांगून चरित्रकार पुढे सरकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, हे ते गृहस्थ होत. त्या एका ओळीत एका निवृत्त सैनिकाचा केवढा मोठा संसार दडला आहे, तो आपल्यासमोर उलगडून ठेवावा एवढाच माझा आजचा हेतू आहे.

हे व्याख्यान दादरला व्हावे यातही औचित्य आहे. पूर्वेस हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे आहे; पश्चिमेस समुद्रकाठी चैत्यभूमी आहे. मुलाच्या कीर्तीची ही दोन ठिकाणे. पण ज्या खोलीत ती कीर्ती घडली ती येथून फार लांब नव्हती. ती होती परळच्या चाळीत, आणि त्या खोलीचे भाडे एका पेन्शनरच्या खिशातून जात होते.

रामजींचे मूळ गाव आंबवडे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात हे गाव आहे. कोकणातल्या महार कुटुंबांना त्या काळी गावकीच्या बेड्यांतून सुटण्याचा एकच रस्ता ठाऊक होता, आणि तो म्हणजे पलटण. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईची आठवण म्हणून जो जयस्तंभ उभारला आहे, त्यावर कोरलेल्या नावांत त्यांचीही नावे आहेत. रामजींचे वडील मालोजी हे फौजेतलेच. रामजींची पत्नी भीमाबाई या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकर घराण्यातल्या; त्यांचेही वडील सुभेदार. म्हणजे सासर-माहेर दोन्हीकडे गणवेशाचा दरारा आणि छावणीची शिस्त.

आता येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. फौजेने या माणसांच्या हाती बंदूक दिली हे आपल्याला माहीत असते. पाटी-पुस्तक दिले हे आपण विसरतो. शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी पलटणीत शाळा असत. गावच्या शाळेत ज्याची सावली चालत नव्हती, त्याला छावणीत शिकणे सक्तीचे होते. आणि हे शिक्षण मुलींनाही होते. रामजी या व्यवस्थेत नुसते शिकले नाहीत, तर शिक्षक झाले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढे सुमारे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. सुभेदार हा त्यांचा हुद्दा होता. पण पेशाने ते मास्तर होते. तलवार म्यान करून निवृत्त होणारे पुष्कळ असतात. या सुभेदाराने निवृत्त होताना खडू काही खाली ठेवला नाही. पुढचे सारे चरित्र या एका वाक्यात आले असे म्हटले तरी चालेल.

महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना चौदावे अपत्य झाले. तोच भीमराव. चौदापैकी बहुतेक मुले लहानपणीच गेली. उरली ती तीन मुले आणि दोन मुली : बाळाराम, आनंदराव आणि भीमराव, मंजुळा आणि तुळसा. त्या काळी मुले जाणे ही घरोघरची गोष्ट होती असे आपण सहज म्हणून जातो. पण घरोघरची म्हणून ती हलकी होत नाही. ज्याने इतकी मुले पोचवली, तो बाप उरलेल्या मुलांकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, याचा विचार घरसंसार केलेल्या माणसाने आपल्या मनाशी करावा.

रामजी १८९४ च्या सुमारास निवृत्त झाले. पेन्शन मिळाली दरमहा पन्नास रुपये. आणि याच वेळी सरकारने एक असा निर्णय अमलात आणला की, ज्याने त्यांच्या साऱ्या समाजाचा रस्ता अडला. १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. लढवय्या जाती आणि बिगरलढवय्या जाती अशी एक नवी वर्गवारी इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी काढली, आणि ज्यांच्या बळावर पूर्वी लढाया मारल्या, त्यांनाच नालायक ठरवून बाहेर काढले. विचार करा, ज्या दरवाजाने मालोजी आत गेले, रामजी आत गेले, तो रामजी बाहेर पडत असताना त्यांच्या पाठीमागे धाडकन लावला गेला. आता त्यांच्या मुलांना ना पलटण, ना पलटणीची शाळा.

याविरुद्ध आवाज उठला तो पेन्शनरांमधूनच. दापोली हे त्या वेळी निवृत्त महार सैनिकांच्या वस्तीचे ठिकाण होते. तेथेच गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापून अस्पृश्यांच्या हक्कांसाठी अर्ज-विनंत्यांची मोहीम चालवली होती. भरतीबंदीविरुद्ध सरकारकडे धाडावयाच्या अर्जासाठी रामजी न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले आणि त्यांचे साहाय्य घेतले, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. त्या वेळी उपयोग झाला नाही. भरतीचे दार पुन्हा उघडले ते पहिल्या महायुद्धात, १९१७ साली. महारांची एक पलटण उभी राहिली, गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. आणि आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे उभी राहिली. रामजींनी यातले काही पाहिले नाही. अर्ज करणाऱ्याच्या हयातीत अर्जाचा निकाल लागतोच असे नाही, हे सरकारदरबारी खेटे घातलेल्या आपल्यापैकी कोणालाही पटेल.

दापोलीहून रामजी साताऱ्यास आले. सरकारी बांधकाम खात्यात त्यांना भांडारपालाची नोकरी मिळाली. पेन्शन आणि पगार अशी दोन चाके लागली आणि संसाराचा गाडा रुळला, असे वाटते न वाटते तोच १८९६ साली भीमाबाई वारल्या. भीमराव त्या वेळी पाच वर्षांचा होता. मुलांना सांभाळावयास रामजींची बहीण मीराबाई पुढे आली. पाठीला कुबड असलेली ही आत्या. पण त्या पाठीवरच सारे घर तोलले गेले.

आईवेगळ्या घरात रामजींनी एक नियम मोडू दिला नाही. पहाट आणि संध्याकाळ, घरात भजन व्हावयाचे. ते कबीरपंथी होते. मद्य आणि मांस दोन्ही वर्ज्य. कबिराचे दोहे, तुकोबाचे अभंग, मोरोपंतांच्या आर्या मुलांच्या तोंडी असत. मुलांकडून रामायण-महाभारत ते मोठ्याने वाचून घेत. हॉवर्डची इंग्रजी क्रमिक पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला मुलांकडून पाठ करवून घेण्यात हा मास्तर काही दयामाया दाखवीत नसे. पुढे बाबासाहेबांच्या इंग्रजीपुढे विलायतेतले विद्वानही थबकत. त्या इंग्रजीचा पाया साताऱ्याच्या घरात एका सुभेदाराने घातला होता.

मात्र रामजींचे चित्र नुसते गोड रंगवणे बरोबर होणार नाही. ते कडक होते. बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे की, आपल्या वडिलांचा घरातला अधिकार प्राचीन रोमन कुलपतीसारखा होता. एकदा मुलाने त्यांना विचारले : ज्या ग्रंथांत शूद्रांना आणि अस्पृश्यांना खालचे ठरवले आहे, ते ग्रंथ आम्ही का वाचावे? रामजींना प्रश्न रुचला नाही. सांगतो तसे करावे, एवढेच उत्तर मिळाले. पण मुलाने तोच प्रश्न पुढे पुन्हा काढला, तेव्हा बाप उत्तर घेऊन तयार होता. आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड येईल. तो घालवावयास हे ग्रंथ उपयोगी आहेत. द्रोण पाहा, कर्ण पाहा, कोठून कोठे गेले. आणि वाल्मीकी तर कोळी होता, असा त्या उत्तराचा आशय होता. मुलाचे समाधान झाले नाही. पुढे त्याने त्या ग्रंथांविषयी कोणती भूमिका घेतली ते आपण जाणतोच. पण बापाच्या मनाची धडपड पाहा. बापाला मुलाचा प्रश्न झोंबला होता, आणि तो त्यावर विचार करीत राहिला होता. उत्तर अपुरे असेल. पण मुलाची मान ताठ राहावी, हाच त्या उत्तराचा हेतू होता.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या दप्तरात १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळाशाळांतून विद्यार्थ्याचे कौतुक होते, ते योग्यच आहे. माझी सूचना एवढीच की, नावात विद्यार्थ्याच्या मागोमाग जे दुसरे नाव आहे, तेही त्या दिवशी उच्चारावे.

पुढच्याच वर्षाची गोष्ट. दुष्काळाने सातारा जिल्हा होरपळला होता. लोकांना काम देण्यासाठी खटाव तालुक्यात तलावाचे काम निघाले होते आणि रामजी तेथे रोखपाल होते. सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी कळवले. नवे कपडे शिवले, रेशीमकाठी धोतरे घेतली, डोक्यावर झगझगीत टोप्या चढवल्या, आणि मुले आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यावयास कोणी आले नव्हते. येत असल्याचे पत्र मुलांनी पाठवले होते. पण नोकराने ते रामजींना द्यावयाचे राहून गेले होते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनी हाकावेत आणि तो पायी चालेल! जवळ शिदोरी होती. पाणी मात्र रात्रभर कोणी दिले नाही. दुसऱ्या दिवशी मुले बापापाशी पोचली.

या प्रसंगाची आठवण बाबासाहेबांनी अनेक वर्षांनी लिहिली. ती वाचताना आपले लक्ष स्वाभाविकच त्या तहानलेल्या मुलाकडे जाते. मी आपणास क्षणभर बापाकडे पाहावयास सांगतो. आयुष्यभर सरकारची चाकरी केलेला, सुभेदाराचा हुद्दा भूषवलेला हा मनुष्य लोकांना पाणी मिळावे म्हणून चाललेल्या तलावाच्या कामावर हिशेब ठेवीत होता. आणि त्याच मुलखात त्याच्या मुलांना घोटभर पाणी मिळाले नव्हते. फौजेने दिलेला मान छावणीच्या कुंपणापुरताच होता, हे याहून अधिक स्पष्ट काय होणार?

पुढे रामजींनी दुसरे लग्न केले. भीमरावाला ते मुळीच आवडले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून तो पेटून उठे. घर सोडून मुंबईच्या गिरणीत नोकरी धरावी या बेताने त्याने आत्याच्या कनवटीची पिशवी लांबवली. आत निघाला अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येत नाही. तेव्हा लवकर शिकून स्वतःच्या पायावर उभे राहावे असे त्याने ठरवले, आणि तेथून अभ्यासाला खरा जोर चढला. बापलेकांत दुरावा कसा येतो आणि त्यातूनही चांगले कसे निपजते, याचे हे उदाहरण घरोघरच्या आईबापांनी ध्यानात ठेवावे.

साताऱ्याची नोकरी संपल्यावर, १९०४ च्या सुमारास, कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. एक खोली म्हणजे काय, हे परळ-लालबागच्या लोकांना मी सांगावयास नको. चूल तेथेच, अंथरूण तेथेच, जाते तेथेच, बांधलेली शेळीही तेथेच. अशा खोलीत अभ्यास केव्हा करावा? रामजींनी यावर जी तोड काढली, ती अस्सल लष्करी होती. त्यांनी रात्रीचे पहारे वाटून घेतले. मुलाने संध्याकाळी लवकर निजावे. बापाने जागे राहावे. रात्री दोन वाजता, चाळ निवांत झाली म्हणजे, बापाने मुलाला उठवावे आणि मग आपण त्या जागी आडवे व्हावे. मुलगा मिणमिणत्या रॉकेलच्या दिव्यावर उजाडेपर्यंत वाचीत बसे.

बंधुभगिनींनो, मुलाला जागवणारे आईबाप आपण पाहतो. त्यासाठी स्वतः जागणारे थोडे असतात. म्हाताऱ्या शिपायाने ही गस्त एखाद्या रात्री घातली नाही. ती रात्रीमागून रात्र चालली.

पुस्तकांचा खर्च हा दुसरा प्रश्न. भीमरावाला पुस्तकांचे वेड होते आणि बापाला त्या वेडाचा अभिमान होता. पण पेन्शन पन्नास रुपये. तीत घर चालावयाचे. पुस्तक हवे झाले की रामजी लेकींच्या घरी जात. एकीपाशी पैसे असले तर उसने मिळत. नसले तर दुसरीच्या दारी जाऊन तिचा एखादा दागिना मागून घेत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक आणीत. पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून लेकीच्या हाती परत. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. सावकाराच्या दुकानी चढणाऱ्या त्या वृद्ध सुभेदाराला कमीपणा वाटला नसेल असे मी म्हणत नाही. पण मुलाच्या पुस्तकापुढे त्याने तो मानला नाही.

आणि येथेच एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. एका मुलाच्या शिक्षणाची किंमत सबंध घराने मोजली. आनंदरावाला शाळा सोडून नोकरी धरावी लागली. लेकींच्या अंगावरचे किडूकमिडूक कधी अंगावर, कधी दुकानात. रामजींना सर्वांना शिकवणे झेपत नव्हते, म्हणून त्यांना निवड करावी लागली. हा अन्याय होता काय? होय, होता, पण तो रामजींचा नव्हे. एका गुणी कुटुंबाला पन्नास रुपयांत एकाच मुलाचे शिक्षण निवडावे लागते, हा त्या समाजरचनेचा अन्याय होता. जे मागे राहिले त्यांच्या नावांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे गेलेल्याचे चरित्र पुरे होत नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. त्याच्या अभिनंदनाची जी सभा भरली, तिचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. आपल्या दादरला बोले मार्ग आहे आणि शिवाजी पार्कालगत केळुसकर मार्ग आहे. रोज त्या रस्त्यांनी जाताना ही सभा आठवावी. याच बोल्यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला. आणि त्या ठरावाच्या आधारावर १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे गाठले गेले. खटाव तालुक्यातल्या त्या रात्रीची तहान अशी महाडपर्यंत पोचली.

केळुसकरांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बापाला साऱ्या नोकरीबद्दल जे सरकार पन्नास देत होते, त्याच्या हे बरोबर निम्मे! एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी.ए. झाला.

आता शेवटचा प्रसंग. १९१३ च्या जानेवारीत भीमरावाने बडोदे संस्थानात नोकरी धरण्याचे ठरवले. रामजींचा याला विरोध होता. मुंबईत राहावे, तेथे जाऊन अपमान सोसू नयेत, असे त्यांचे म्हणणे. तरुण मुलाला वाटले, म्हातारा घाबरतो आहे. तो गेला. पुढे १९१७ साली, परदेशची विद्या घेऊन हाच मुलगा पुन्हा बडोद्यास गेला, तेव्हा त्याला राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून लोकांनी काठ्या घेऊन त्याला बाहेर काढले. बापाचे भय भित्रेपणाचे नव्हते, अनुभवाचे होते. पण ते सांगावयास तेव्हा बाप उरला नव्हता.

कारण बडोद्यास पोचून पंधरवडाही झाला नाही तोच तार आली : वडील अत्यवस्थ. भीमराव तत्काळ निघाला. वाटेत सुरतेस वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून उतरला, आणि गाडी सुटून गेली. मुंबईस पोचावयास दुसरा दिवस उजाडला. रामजींचे डोळे त्याचीच वाट पाहत होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. ती तारीख २ फेब्रुवारी १९१३. पुढे अवघ्या चार महिन्यांत, ४ जून रोजी, अमेरिकेतील शिक्षणाच्या करारावर भीमरावाची सही झाली, आणि जुलैमध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. रात्री दोन वाजता ज्याला उठवले, तो कोठवर गेला हे पाहण्यापूर्वीच पहारेकरी निजला.

सभ्य गृहस्थहो, वीरांची स्मारके आपण रणांगणावर बांधतो. पण शिपायाची खरी परीक्षा पुष्कळदा तो घरी परतल्यावर सुरू होते. गणवेश खुंटीला लागतो, हुद्द्याला कोणी विचारीत नाही, पेन्शन पुरत नाही, आणि तरीही शिस्त, नेकी आणि आशा टिकवावी लागते. रामजींनी ती परीक्षा चाळीच्या खोलीत दिली. त्यांची थोरवी मुलामुळे उजेडात आली हे खरे. पण ती मुलाने दिलेली नव्हे. मुलगा अगदी सामान्य कारकून झाला असता, तरी त्या जागलेल्या रात्रींचे मोल तसूभरही कमी झाले नसते.

१९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतीय चलनाचा तो गहन अभ्यास आहे. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला, आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाचे व दाखवलेल्या जाणतेपणाचे ऋण तेथे मान्य केले. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ अर्पण करावयास याहून योग्य नाव कोणते असणार? रुपयाचा प्रश्न दर महिन्याला लेकीच्या दागिन्यावर सोडवणारा मनुष्य तो होता.